22 जुन्या गाड्या, दोन दिवस, भोर मुक्काम: मार्ग आणि तयारीबद्दल सल्ला हवा

रनिंगबोर्ड

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी क्लबची रॅली ठरवतोय. एकूण 22 गाड्या आहेत: 11 फियाट-पद्मिनी, 4 अँबॅसिडर, 3 मॉरिस मायनर, 2 जीप आणि 1930 च्या दशकातल्या दोन. या शेवटच्या दोघींना रॉडचे ब्रेक आहेत आणि बॅटरी 6 व्होल्टची.

शनिवारी हडपसर, दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ असं करत भोरला मुक्काम. रविवारी जेवून महामार्गाने परत, असा कच्चा आराखडा आहे. घाटात गाड्या तापण्याची आणि ब्रेकची सगळ्यांना धास्ती आहे. इथेनॉलच्या पेट्रोलचं काय करावं यावर तर क्लबात रोज नवं मत ऐकू येतं. सोबतच्या गाडीत कोणते पार्ट ठेवावेत तेही सांगा. थोडी वेळ-अंतराची (वेगाची नव्हे, ठरलेली सरासरी पाळण्याची) स्पर्धा ठेवायची आहे, पण चार्ट (वळणं आणि अंतरांचा तक्ता) कसा बनवतात ते आमच्यापैकी कुणालाच नीट येत नाही.

घाटउतार

मार्ग चांगला आहे, रविवारची वेळ मात्र चुकली आहे. जेवून निघालात तर परतणाऱ्या गर्दीत सापडाल. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आणि कात्रजला गाडी फुटाफुटाने सरकते. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, त्यामुळे चढापेक्षा अशा रांगेतच ती लवकर उकळते. भोर सकाळी साडेनऊच्या आत सोडा आणि बक्षीस समारंभ शनिवारी रात्रीच उरका.

जाताना दिवे घाट योग्य आहे, कारण चढ थंड हवेत आणि ताज्या इंजिनावर पार पडतो. सात वाजता हडपसर सोडा. त्याआधी अंधार असतो आणि 6 व्होल्टचे दिवे भरवशाचे नाहीत. पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे घाटातला रस्ता बदलत राहतो, म्हणून आदल्या आठवड्यात एकाने जाऊन खडी आणि वळवलेला रस्ता कुठे आहे ते बघून यावं.

खरी परीक्षा नारायणपूरहून कापूरहोळकडे उतरताना आहे. चढात गाडी तापली तर बाजूला लावता येते. उतारावर ब्रेक तापले की वेळ मिळत नाही. चाकातला ब्रेकचा ड्रम गरम होऊन फुगतो, लायनिंग (आतून ड्रमवर घासणारा थर) ड्रमपासून लांब जातं, म्हणून पेडल खाली जाऊ लागतं. त्यात लायनिंगची पकडही सुटते. म्हणून जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला, आणि तोही उतार सुरू होण्याआधी टाकायचा. या बहुतेक गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (धावत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नाही, त्यामुळे उतारावर वेग वाढल्यावर दुसऱ्यातून पहिला पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. ब्रेक दाबून ठेवू नका. दोन-तीन सेकंद जोरात दाबा, वेग उतरला की सोडा, ड्रमला हवा लागू द्या. इग्निशन बंद करून कुणीही उतरायचं नाही, हे चालकांच्या बैठकीत स्पष्ट सांगा.

रॉडच्या ब्रेकच्या दोन्ही गाड्या सगळ्यांच्या पुढे सोडा, मागे नको. मागून येणाऱ्याला थांबता येतं, पुढच्याला चुकवता येईलच असं नाही. निघण्याआधी त्यांची चारही चाकं जॅकवर घ्या, पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडी पट्टी अडकवून अर्धवट दाबून ठेवा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. चारही सारखीच जड लागली पाहिजेत. एखादं मोकळं फिरत असेल तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणार.

येताना नव्या बोगद्याने नवले पुलाकडे उतरू नका. तो लांब उतार आहे, मागे भरलेले ट्रक असतात आणि ब्रेक निकामी होऊन तिथे वारंवार अपघात झाले आहेत. शिंदेवाडीला नव्या बोगद्याच्या आधी जुन्या कात्रज घाटाचा फाटा आहे, तिकडे वळा. फाटा पटकन सुटतो, म्हणून तिथे झेंडा घेऊन माणूस उभा करा. कापूरहोळ ते शिंदेवाडी या महामार्गाच्या टप्प्यात पाच-सहा गाड्यांचे गट करा, डावी लेन सोडू नका आणि प्रत्येक गटामागे आजच्या जमान्यातली एक गाडी पार्किंग दिवे लावून ठेवा.

तारीख ठरवताना पंचांगही बघा. नारायणपूरला पौर्णिमेला आणि गुरुवारी दत्तदर्शनाची गर्दी असते, सोमवती अमावस्येला जेजुरीमुळे सासवडचा रस्ता भरतो, आणि पौषी पौर्णिमेला मांढरदेवीच्या यात्रेची वाहनं भोरमार्गेही जातात. शिवाय जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नाही, म्हणून संध्याकाळी साडेपाचच्या आत मुक्कामी पोहोचा.

सोलेक्सवाला

तापणं आणि पेट्रोल या दोन गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात, कारण 20 टक्के इथेनॉलने दोन्ही बिघडतात.

पहिलं म्हणजे मिश्रण. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची पुळी) इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. निव्वळ पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला 1 असतं, 20 टक्के मिश्रणाला ते साधारण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे इंधन सात-आठ टक्के जास्त हवं. लक्षणं सोपी आहेत: चढाला गाडी ओढत नाही, कार्ब्युरेटरमध्ये फटफट होते, प्लग पांढरट पडतात आणि पाणी लवकर तापतं. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. 115 काढून 120 घातला तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, तेवढं पुरतं. नंतर चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरने गाडी ओढवा, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढून बघा. फिकट तपकिरी रंग हवा. काळा आला तर एक पायरी मागे या.

दुसरं, रबर. जुने नायट्रिलचे किंवा साध्या रबराचे पाइप फुगतात, आतून सुटतात आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईत अडकतात. सगळे पेट्रोल पाइप व्हायटॉन (इथेनॉलला टिकणारं रबर) अस्तराचे घाला. पंपाचा पडदाही इथेनॉलला चालणारा हवा. पडदा फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून शनिवारी सकाळी प्रत्येकाने डिपस्टिक काढून वास घ्यावा, आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ती गाडी सोडू नये. टाकीत जुना मळ असेल तर इथेनॉल तो सोडवून पुढे ढकलतं. फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदला आणि दोन सोबत ठेवा.

तिसरं, एअर लॉक, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणं. पद्मिनी आणि अँबॅसिडरचा पंप इंजिनावर असतो, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढण्यामुळे पाइपात दाब कमी होतो आणि पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. गाडी चालू असताना त्रास होत नाही, कारण थंड पेट्रोल येत राहतं. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं चहाला थांबलात की गाडी चालू होत नाही. म्हणून चहाचा थांबा घाटमाथ्यावर लगेच ठेवू नका. सासवडला सपाटीवर पोहोचल्यावर ठेवा. थांबल्यावर आधी मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा आणि बॉनेट उघडा. एक्झॉस्टजवळून जाणारा पाइप लांब घ्या, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा बेकलाइटचा जाड स्पेसर असू द्या. लॉक झालंच तर पंपावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. टाकीजवळ विजेचा पंप बसवला तर त्रास जवळजवळ संपतो, पण तो 2 ते 4 पीएसआयचाच घ्या. आजच्या इंजेक्शन गाड्यांचा पंप लावला तर सुई उचलली जाते आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल म्हणजे आगच.

पाण्याचं थोडक्यात: रेडिएटर आतून धुऊन घ्या, कूलंट एक तृतीयांश ते निम्मं, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर 10-12 मिलिमीटर दबला पाहिजे. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं असेल तर नवा रेडिएटर घालूनही गाडी तापेल, म्हणून आधी टायमिंग बघा. उकळलेल्या गाडीचं झाकण अर्धा तास उघडू नका. नंतर जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंत सोडा, वाफ जाऊ द्या, आणि इंजिन मंद चालू ठेवून कोमट पाणी हळूहळू ओता. गरम ब्लॉकवर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो.

प्लॅटिनम पॉइंट

वरच्या सल्ल्याशी सहमत, एक सोडून. विजेचा पंप, नवा जेट, नवे ब्रेक लायनर यांतलं काहीही रॅलीच्या आठवड्यात बसवू नका. बदल करायचा तर महिनाभर आधी करा आणि त्यावर किमान 200 किलोमीटर गाडी चालवा. बंद पडतात त्या जुन्या पार्टांपेक्षा नव्या जोडणीमुळे जास्त. आजकालच्या बाजारातले नवे कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला छोटा भाग) फार हलक्या दर्जाचे येतात. गाडीवर चालत असलेला जुना काढून टाकू नका, नवा तपासून सोबत ठेवा.

इंजिन घाटात बंद पडलं तर अंदाज बांधू नका. आधी करंट: मधली वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून काढून ब्लॉकपासून 5-6 मिलिमीटरवर धरा, पक्कड इन्सुलेटेड हवी, आणि सेल्फ मारा. निळी टचटचीत ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरतुकडी आली तर कंडेन्सर किंवा कॉइल. गरम झाल्यावरच बंद पडते आणि थंड झाल्यावर चालते, तर बहुतेक हेच. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) गॅप 0.40 मिलिमीटरवर ठेवलीत तर यांतल्या बहुतेक गाड्या चालतील, नंतर मॅन्युअलच्या आकड्यावर आणा.

बॅटरीबद्दल फार महत्त्वाचं. मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) आहेत, जुन्या अँबॅसिडरही. काहींच्या नंतर बदललेल्या असतात, म्हणून नावावर जाऊ नका, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते बघा. प्रत्येक बॉनेटच्या आत "6 व्होल्ट" किंवा "12 व्होल्ट" आणि "प्लस अर्थ" किंवा "मायनस अर्थ" असं लिहून चिकटवा. घाईत जंपर लावताना चूक झाली तर अल्टरनेटरचे डायोड जागेवर जळतात. प्लस अर्थ आणि मायनस अर्थ गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकता कामा नयेत. 6 व्होल्टच्या गाड्यांना जंपर नकोच, त्यांना इंजिन हाताने फिरवायचं हँडल आहे. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल मारा, म्हणजे उलटा झटका आला तर अंगठा वाचतो.

मायनरवाल्यांना आणखी एक: ब्रेकचा मास्टर सिलेंडर चालकाच्या पायाखाली आहे, म्हणून त्याची पातळी बघायची राहून जाते. गालिचा उचला आणि बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट 3 ताजं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावल्यावर 140 च्या आसपास. पावसाळ्यानंतर बदललं नसेल तर या रॅलीआधी पूर्ण बदला.

सोबतच्या गाडीत: तुमच्या 11 फियाटांसाठी पॉइंट आणि कंडेन्सरचे चार जोड, दोन कॉइल, दोन रोटर, तीन फॅन बेल्ट, ब्रेकच्या व्हील सिलेंडरच्या रबरी बकेटांचे दोन किट, एक पंप. बाकी प्रत्येक प्रकाराला पॉइंट, कंडेन्सर आणि बेल्ट एकेक. एक लिटर ब्रेक ऑइल, 40 लिटर पाणी, दोन मीटर पेट्रोल पाइप, डझनभर जुबिली क्लिप, पाच मीटर वायर, एम-सील, चाकांना लावायला लाकडी ठोकळे. टायर ट्यूबचे असतील तर त्या मापाच्या ट्यूब. आग विझवायचं पावडरचं सिलेंडर प्रत्येक गाडीत, हाताला येईल असं. डिकीत स्टेपनीखाली ठेवलेलं कामाचं नाही.

रनिंगबोर्ड

खूप आभार. रविवारची वेळ आजच बदलतो. चार्टबद्दल कुणी सांगेल का?

दुसरा गिअर

आधी एक गाडी "मापाची" ठरवा आणि तिच्याच मीटरवर सगळा चार्ट करा. महामार्गाच्या दगडांवर 10 किलोमीटर जा. समजा मीटरने 9.4 दाखवले, तर दगडी अंतराला 0.94 ने गुणायचं: 15.2 किलोमीटरवरचं वळण त्या मीटरवर 14.3 ला येईल. प्रत्येक स्पर्धकाला सुरुवातीला असा 10 किलोमीटरचा बिनदंडाचा टप्पा द्या, म्हणजे तो स्वतःचा गुणक काढेल. मायनर आणि अशा काही गाड्यांचं मीटर मैलात असतं, त्यांना 1.609 ने भागून वेगळा कागद द्या.

सरासरी 30 ठेवा. हिशेब सोपा, किलोमीटरला दोन मिनिटं. सपाटीवर 36 चालेल, म्हणजे किलोमीटरला 100 सेकंद. घाट चढताना किंवा उतरताना वेळ मोजायचीच नाही. तिथे पुरेसा मोकळा वेळ द्या. लवकर पोहोचणाऱ्याला उशिरापेक्षा दुप्पट दंड ठेवा, म्हणजे कुणी पळवत नाही. गाड्या मिनिटामिनिटाने सोडा. चार्टवर फक्त वळणं नकोत, "डावीकडे पाण्याची टाकी, लगेच उजवीकडे" अशी खूण हवी, आणि ती रॅलीच्या दोन दिवस आधी जागेवर जाऊन पुन्हा तपासा. वाचणारा शेजारी बसलेला असावा. चालकाने कागद हातात घ्यायचा नाही.

आरटीओचा कागद

कागदपत्रांचं राहिलं. 50 वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी जुलै 2021 मध्ये केंद्राचे नियम आले. त्यात नोंदणी 10 वर्षांची, नवी नोंदणी 20,000 रुपये, नूतनीकरण 5,000 रुपये, आणि नव्या क्रमांकात "व्हीए" अक्षरं. आधीपासून भारतात नोंदलेली गाडी आपला मूळ क्रमांक ठेवू शकते. पण अशी नोंदणी झालेली गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून क्लबच्या लेटरहेडवर तारीख, मार्ग आणि गाडी क्रमांक असलेलं पत्र प्रत्येक गाडीत ठेवा. बाकीच्यांनी साध्या आरसीची मुदत बघावी, 15 वर्षांनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. विमा आणि पीयूसी सगळ्यांना.

पुणे शहर वाहतूक पोलीस आणि पुणे ग्रामीण पोलीस या दोन्हींकडे आधी लेखी अर्ज द्या, गाड्यांची यादी आणि वेळापत्रक जोडून. वेळ-अंतराची स्पर्धा आहे, शर्यत नाही आणि सरासरी 36 च्या वर जात नाही, हे अर्जातच लिहा.

घाटउतार

एक राहिलं. बंद पडलेली गाडी घाटात दोरीने टोचन करून उतरवू नका. दोरी सैल पडली की मागची गाडी पुढच्यावर जाते. पक्की लोखंडी दांडी वापरा, तीसुद्धा सपाटीवरच. घाटातली गाडी फ्लॅटबेडवर चढवायची. फ्लॅटबेड शनिवारी सकाळी सासवडला आणि नऊनंतर कापूरहोळला उभा ठेवा. हडपसरला ठेवलात तर घाटातल्या गर्दीतून वर यायलाच त्याला तास लागेल.