मदत हवी आहे: कॅरॅव्हॅन ओढायला कोणता पिकअप घ्यावा?

नमस्कार मंडळी,
आम्ही मुलुंडला राहतो. तीन माणसं झोपतील अशी छोटी कॅरॅव्हॅन घ्यायचं ठरलंय. पाणी, गॅस, सामान धरून वजन साधारण 1200 किलो. आईच्या गुडघ्यांना हॉटेलचे जिने झेपत नाहीत आणि तिला गुहागर, हर्णै दाखवायचंच आहे.

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स पाहून आलो. हायलक्सच्या 2.8 लिटर डिझेलचा टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन-मीटर, मॅन्युअलमध्ये 420, व्ही-क्रॉसच्या 1.9 लिटरचा 360. सपाटीला दोन्ही आरामात ओढतील. माझा जीव अडकलाय तो घाटात. गुहागरहून पुढे कोल्हापूरला जायचं तर कुंभार्ली किंवा आंबा घाट आलाच. ऐन चढणीला पुढचा ट्रक थांबला की भरलेली कॅरॅव्हॅन घेऊन पुन्हा उचलायचं, आणि उतारावर तेच वजन मागून ढकलणार! ट्रेलरला स्वतःचे ब्रेक तर हवेतच. हिचवर (गाडीला मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर) कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 120 किलोच्या आसपास भार पडावा एवढं कळलंय. तो कमी पडला तर ट्रेलर वेगात डुलायला लागतो.

प्रत्यक्ष ट्रेलर ओढणाऱ्यांनी सांगा: घाटात मॅन्युअल बरी की ऑटोमॅटिक? व्ही-क्रॉस पुरेल का? हिच मुंबईत कुठे नीट बसवून मिळेल, आणि आरटीओत त्याची नोंद कशी केलीत? दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरच्या वर आहेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कशा बसवता तेही कृपया लिहा.