बारा कॉलमांचं गणित अजून किती दिवस?

अर्धविराम: काल एका जुन्या साइटची सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारे नियम) उघडली. कार्डांच्या एका रांगेसाठी पाच मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे वेगवेगळे नियम! मोबाइलला एक कॉलम, टॅब्लेटला दोन, लॅपटॉपला तीन, आणि उरलेल्या दोन केवळ मधल्या मापांना ठिगळ म्हणून. ग्रिडमध्ये, म्हणजे सीएसएसच्याच आडव्या-उभ्या चौकटींच्या मांडणीत, हे एका ओळीचं काम आहे: रिपीट, त्यात ऑटो-फिट आणि मिनमॅक्स, किमान २५० पिक्सेल, कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा). मावतील तितके कॉलम ब्राउझरच पाडतो. क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत ग्रिड मार्च २०१७ मध्येच आलं. मग नव्या कामालाही बारा कॉलमांची फ्रेमवर्क (पानाचे बारा समान उभे भाग पाडणारी तयार सीएसएस) का? किती कॉलम हे मजकुराला लागणाऱ्या रुंदीवरून ठरावं, फोनच्या मापावरून नव्हे.

जुनं खोड: ती ओळ डेमोत झकास दिसते रे. तोच भाग २२० पिक्सेलच्या साइडबारमध्ये टाक. कार्ड ३० पिक्सेल बाहेर डोकावतं. भोगलंय मी. शिवाय फ्रेमवर्कमध्ये 'कॉल-४' म्हटलं की बारापैकी चार, म्हणजे एक तृतीयांश, हे टीममधल्या कालच्या पोरालाही कळतं. तुझं मिनमॅक्स प्रत्येक जण आपापल्या आकड्याने लिहिणार.

अर्धविराम: २५० च्या जागी मिन लिहा, कंसात २५० पिक्सेल आणि १०० टक्के; दोन्हींतलं लहान ते लागू होतं. डोकावणं बंद. आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवला की टीमचाही प्रश्न मिटला.

पळवाट: कार्डांसाठी ग्रिड कशाला? फ्लेक्स, म्हणजे डबे रांगेत लावणारी मांडणी, पुरे: न मावलेले डबे खाली न्यायला फ्लेक्स-रॅप आणि उरलेली जागा भरायला फ्लेक्स-ग्रो १, झालं काम.

अर्धविराम: सात कार्डं लावून बघा. तीन, तीन, आणि सातवं एकटं या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळतं. फ्लेक्समध्ये प्रत्येक रांग आपल्यापुरती जागा वाटते, वरच्या रांगेशी तिला देणंघेणं नाही. मेनूला फ्लेक्सच हवा, तिथे वाद नाही.

जुनं खोड: फ्लोटवर, म्हणजे डबे डावी-उजवीकडे सरकवण्याच्या जुन्या पद्धतीवर, कॉलम रचलेल्यांना विचार. ३३.३३ टक्के रुंदी, त्यावर पॅडिंग (डब्याच्या आतली मोकळी जागा) चढलं की तिसरा डबा धपकन खाली. त्या जाचातूनच लोक फ्रेमवर्ककडे वळले, हौस म्हणून नाही. बूटस्ट्रॅप या फ्रेमवर्कनेही फ्लोट सोडून फ्लेक्स धरला तो चौथ्या आवृत्तीत, २०१८ साली. बरं, तुझं मिन लावलं, साइडबार सुधारला. आता मुख्य मजकुराच्या १ एफआर कॉलममध्ये एक लांबलचक यूआरएल आली आणि अख्खं पान फुगलं. हे कसलं लवचीक?

अर्धविराम: नुसत्या १ एफआरची किमान रुंदी ऑटो असते, आतल्या न तुटणाऱ्या शब्दाएवढी. मिनमॅक्स, शून्य आणि १ एफआर असं लिहा. आणि यूआरएल तुटावी म्हणून ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर.

जुनं खोड: म्हणजे तुझी एक ओळ आता तीन ओळींवर आली. मोजतोय मी.

अर्धविराम: मीडिया क्वेरी मात्र अजून शून्य. तेही मोजा!