शाळा बंद करतायत, बिशपना पत्र लिहून काही होतं का?

फिलीची_आई
आम्ही फिलाडेल्फियाच्या बाजूला राहतो. आम्ही ख्रिश्चन नाही, पण मुलगी पहिलीपासून इथल्या एका कॅथलिक शाळेत जाते. गुरुवारी रात्री साडेसातला ईमेल आला की जूननंतर शाळा बंद, चर्चही शेजारच्यात विलीन. महिन्यापूर्वीच पालकांची मीटिंग घेऊन "अजून काही ठरलं नाही" म्हणाले होते!! पोरगी दप्तर अडकवायच्या हुकावरची स्वतःच्या नावाची पट्टी सोलून घरी घेऊन आली. व्हॉट्सअॅपवर सगळे आर्चबिशपवर (इथल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख) तुटून पडलेत. खरंच त्यांच्या हातात असतं का हे?

वसईकर_जर्सीत
सही त्यांचीच असते हो. पण मूळ दुखणं जुनं आहे, १९६५ च्या सुमारास अमेरिकेत पावणेदोन लाखांच्या वर सिस्टर (नन) होत्या, आज चाळीस हजारही नाहीत, त्या जवळजवळ फुकट शिकवायच्या, आता शिक्षकांना पगार द्यायचा म्हणजे फी वाढली, फी वाढली की पटसंख्या घसरली. तुमच्याकडेच २०१२ च्या जानेवारीत समितीने ४ हायस्कूल आणि ४५ प्राथमिक शाळांवर फुली मारलेली, आर्चबिशप शापू नुकतेच आले होते, सगळा राग त्यांच्यावर. मग लोकांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारीत चारही हायस्कूल वाचली. म्हणजे शाळेसाठी नुसतं पत्र नको, देणगीदारांची यादी घेऊन जा.

एरीकाठ
चर्चचं मात्र वेगळं. धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीची भाविकांची वस्ती) बंद करायचा तर बिशपला आधी आपल्या फादर लोकांच्या मंडळाचं मत घ्यावं लागतं, लेखी हुकूम काढावा लागतो. हुकूम हातात आल्यापासून दहा दिवसांत त्यांनाच लेखी फेरविचार मागायचा, नाही ऐकलं तर रोमला, म्हणजे व्हॅटिकनला, अपील. आमच्या क्लीव्हलँडला बिशप लेनननी पन्नासच्या आसपास धर्मग्राम कमी केले, २०१२ च्या मार्चमध्ये रोमने त्यातल्या तेरा ठिकाणचे हुकूम फिरवले, पद्धत पाळली नाही म्हणून. सेंट कॅसिमिर म्हणून पोलिश लोकांचं चर्च आहे, २००९ ला कुलूप लागल्यापासून म्हाताऱ्या बायका दर रविवारी बाहेर फुटपाथवर बर्फात उभ्या राहून प्रार्थना करायच्या, पुन्हा उघडेपर्यंत. आजोबा-पणजोबांनी कारखान्यातल्या पगारातून वर्गणी काढून बांधलेलं ते, बिशप तीन-चार वर्षांपूर्वी आलेला माणूस, त्याने नकाशावर रेघ मारायची म्हणजे कसं सहन होणार.

कट्ट्यावरचा
सगळीकडे असं होत नाही. बॉस्टनजवळ सिच्युएटला लोक २००४ पासून अकरा वर्षं पाळीपाळीने चर्चमध्येच झोपत होते, रोमला गेले, कोर्टात गेले, २०१६ ला बाहेर पडावंच लागलं. तिथे तर फादर लोकांच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं नुकतीच बाहेर आलेली, त्यामुळे "आमचं चर्च विकून भरपाई देताय" असंच लोक धरून चालले, बिशप काहीही म्हणोत. एकदा विश्वास उडाला की ताळेबंदही खोटा वाटतो.

वसईकर_जर्सीत
@कट्ट्यावरचा खरंय. लहानपणी वसईत बिशप आले की रांगेत उभं राहून अंगठीचा मुका घ्यायचो आम्ही, इथे लोक तोंडावर हिशोब मागतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच ओशाळलो. पण शापूंनी त्याच २०१२ मध्ये आर्चबिशपांचा मोठा बंगला विकायला काढला हेही सांगायला हवं.

फिलीची_आई
थँक्यू सगळ्यांना. दहा दिवसांचं कोणालाच माहीत नव्हतं, ईमेल येऊन चार दिवस गेलेत. लेखी हुकूम निघालाय का ते उद्या सकाळी ऑफिसात जाऊन विचारते, आणि चर्चच्या यादीत ज्यांचं नाव आहे अशी पोर्टोरिकोची एक आजी आहे शेजारी, सही तिचीच लागेल बहुतेक, माझी चालणार नाही ना?

एरीकाठ
आजींचीच घ्या. आणि तारीख घाला वर.