विषय: दोन ससे द्यायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन ससे आहेत, वय सात महिने. दोघीही माद्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मुलांच्या हट्टाखातर आणले, पण आता मुलं जवळ जात नाहीत. उचललं की ससे ओरबाडतात, आणि पांढरा तर हात पुढे केला की गुरगुरतो. माझी नोकरी बदलली, वेळ उरत नाही. पिंजरा, भांडी, सगळं सोबत देऊ. प्राण्यांच्या शेल्टरला फोन केला तर जागा नाही, नाव यादीत घालतो म्हणाले. महिनाअखेरपर्यंत कोणी मिळालं नाही तर घरामागच्या झाडीत सोडावे म्हणते. तिथे रानससे दिसतात, त्यांच्यात मिसळून जातील.

---

ताई, नमस्कार.

कळकळीची विनंती: झाडीत सोडू नका. मी गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी सशांच्या रेस्क्यूमध्ये काम करतो, म्हणून लिहितोय.

पाळीव ससे मूळच्या युरोपीय रानसशापासून आले, पण माणसाने पिढ्यानपिढ्या रंग आणि कान बघून त्यांची पैदास केली. पांढरा ससा हिरव्यात लांबून दिसतो. बीळ कुठे खणायचं, कुणाला भ्यायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तुमच्या झाडीतले ससे कदाचित वेगळ्याच जातीचे असतील, आणि त्याच जातीचे असले तरी अनोळखी सशाला आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. अनेक देशांत पाळीव प्राणी असा सोडणं गुन्हाही आहे. आमच्याकडे असा एक तपकिरी ससा आला होता. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर वर्षाला सुमारे १० ते १२ सेंटिमीटर. गवत चावून ते झिजतात. याचे वाकडे वाढून गालात रुतले होते. समोर गवत होतं, तो वास घ्यायचा, पण तोंडात धरता येत नव्हतं. अंगावर गोचिड्या. तो तीन दिवस जगला. ते गवत हुंगणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता गुरगुरण्याबद्दल. तुमचा ससा बिघडलेला नाही, वयात आलाय. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ससे वयात येतात, मग हद्द राखतात, चावतात, लघवीचे फवारे मारतात. आमच्याकडे येणारे बहुतेक ससे याच वयाचे असतात. पिल्लू गोजिरवाणं म्हणून आणलेलं, मोठं झाल्यावर नकोसं झालेलं. नसबंदी केली की बहुतेकांचं वागणं काही आठवड्यांत निवळतं. मादीच्या बाबतीत तर ती जीव वाचवणारी आहे, कारण नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. आणि उचलण्याचं म्हणाल तर सशाला वाटतं शिकाऱ्यानेच धरलं. झटका देऊन सुटताना त्याचा कणा मोडू शकतो. मुलांना सांगा, जमिनीवर बसा, त्याला स्वतःहून येऊ द्या.

शेल्टरवाले जागा नाही म्हणाले ते खरंच असणार. आमच्याकडे आलेला ससा आधी दोन आठवडे वेगळा राहतो, मग तपासणी, नसबंदी. नरावर शस्त्रक्रिया झाली तरी चार ते सहा आठवडे त्याला मादीजवळ सोडत नाही, तेवढा काळ पिल्लं होऊ शकतात. मग जोडी जुळवायची. एका सशामागे एक पिंजरा महिनोन् महिने अडतो, आणि ससा आठ ते बारा वर्षं जगतो. कोणी दत्तक नेल्याशिवाय पुढच्याला जागा होत नाही. म्हणून यादीत नाव राहू द्या आणि तोवर ससे तुमच्याकडेच ठेवा. फोटो पाठवा, आमच्या यादीत मी टाकतो. भेटायला येणाऱ्यांशी मीही बोलेन. मात्र जोडी तोडू नका.

एक गोष्ट आजच करा: दोघी माद्याच आहेत का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. लहानपणी नर-मादी ओळखताना दुकानात नेहमी चूक होते.

---

दादा, तुमची मेल वाचून रात्रभर झोप लागली नाही. झाडीचा विचार सोडला.

करडी दोन दिवस तोंडात गवत घेऊन कोपऱ्यात नेतेय आणि स्वतःच्या छातीचे केस उपटतेय. आजारी आहे का?

---

ताई, ती घरटं करतेय. खोटं गर्भारपणही असू शकतं, पण पांढरा नर निघाला तर पिल्लं आज-उद्या होतील. सशाचे दिवस साधारण ३१. पांढऱ्याला आत्ताच, ही मेल वाचताक्षणी, वेगळं करा, कारण व्याल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. जाळीतून एकमेकांना दिसू देत. तिला खोकं आणि भरपूर वाळलेलं गवत द्या, केस काढून टाकू नका. पिल्लं झाली तर ती दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटं पाजते. बाकी वेळ जवळ बसत नाही म्हणून टाकलं असं समजू नका. सकाळी पिल्लांची पोटं गोल आहेत का, तेवढं बघा. आणि तिने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर थांबू नका, थेट डॉक्टर.

---

पांढरा नरच आहे. पहाटे पाच पिल्लं झाली, पाचही पोटभर प्यायलेली दिसतात. धाकटी मुलगी दाराबाहेर बसून आहे, आत जात नाही. दोघांच्या नसबंदीचं डॉक्टरांशी बोलले. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत सगळे इथेच राहतील. पांढऱ्यासाठी मोठी जाळी कोणाकडे आहे का?

---

आमच्या नातवाचं खेळायचं कुंपण माळ्यावर पडून आहे. संध्याकाळी घेऊन येतो.