शनिवार-रविवारची कामं: कांडप, कल्हई, मिक्सर, चप्पल. राजारामपुरीतून सुरुवात कुठून करावी?

आठवी_गल्ली:
कोल्हापुरात राजारामपुरीत नुकतेच राहायला आलोय. मेन रोडला कपडे, मोबाइल, कॅफे सगळं आहे, पण दुरुस्तीची दुकानं दिसत नाहीत. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी अर्धा दिवस हातात आहे. कामं अशी: २ किलो मिरचीची चटणी कांडपावर कुटून आणायची, पितळेच्या दोन पातेल्यांना कल्हई, मिक्सरचं भांडं खालून गळतंय ते बघायचं, सासऱ्यांना कोल्हापुरी चप्पल आणि घरात गूळ. एका फेरीत जमेल का? ओळखीचं कुणी नाही, तर माणसं शोधायची कशी?

तिकटीवरून:
एका फेरीत नाही जमणार, चटणीमुळे. मिरची शनिवारी आणून रविवारी कांडपावर नेली तर फसते. देठं काढून दोन कडक उन्हं तरी द्यावी लागतात. बोटांनी मोडल्यावर कट्कन तुटली पाहिजे. ओलसर राहिली तर कांडपात गोळे होतात, चटणी जाडीभरडी पडते आणि पावसाळ्यात बुरशी येते. म्हणून या शनिवारी मिरची घ्या, कांडप पुढच्या रविवारी.

मिरची लक्ष्मीपुरीत घ्या, पण शनिवारीच. रविवारी तिथं आठवडी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि दुकानदाराला मिरची उलटीपालटी करून दाखवायला सवड नसते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, निम्मी-निम्मी. झणझणीत हवी तर संकेश्वरी दुप्पट. पोत्याच्या वरची मिरची बघून ठरवू नका, तळातली मूठभर काढायला सांगा. पांढरट पडलेली नको.

१ किलो मिरचीला अंदाज: सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो, तीळ १०० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम, खडा मीठ पाव किलो, शिवाय आपल्या चवीनं खडा मसाला. कांदा उभा चिरून तेलात पार तांबूस करा, कच्चट ठेवू नका, चटणी त्यामुळेच लवकर खराब होते. कांडपावर क्रम सांगून ठेवा: आधी मिरची, मग भाजलेले मसाले, कांदा-लसूण शेवटी. घरी आणल्यावर परातीत पसरून पूर्ण गार करा, मगच बरणीत. गरम भरली की झाकणाला घाम धरतो.

उद्यमनगर_लेथ:
मिक्सरचं आधी घरीच बघा. भांडं पालथं करून खालची चकती हातानं हलवा. आडवी डुगडुगत असेल तर बुश (दांड्याभोवतीची नळी) आणि दांडा झिजलाय, दोन्ही बदला. नुसता बुश बदलला तर जुना दांडा त्याला परत खातो. घट्ट असूनही गळत असेल तर फक्त सील गेलंय. मोटार फिरते पण पातं फिरत नाही, अशी तक्रार असेल तर कपलरचे (भांडं मोटारीला जोडणाऱ्या चकतीचे) दात गेलेत, तेव्हा अख्खा मिक्सर न्यावा लागतो. तुमच्या तक्रारीला फक्त भांडं पुरे. कपलर घरी काढायला जाऊ नका: बहुतेकांचे आटे उलटे असतात, जोर लावला की प्लॅस्टिक फुटतं. पैसे द्यायच्या आधी भांड्यात पाणी घालून दुकानातच दोन मिनिटं चालवून घ्या.

आणि माणसं शोधायचं म्हणाल तर राजारामपुरीत दुरुस्तीवाले आहेत की, फक्त मेन रोडचं भाडं परवडत नाही म्हणून आतल्या गल्ल्यांत, जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये सरकलेत. पाटीही धड नसते. त्याच वस्तूचे सुटे भाग विकणाऱ्याला विचारा: कुकरच्या रिंगा विकणारा मिक्सरवाला सांगतो, पितळेची भांडी विकणारा कल्हईवाला सांगतो, मसाल्याचं दुकान कांडप सांगतं. हे नकाशावर सापडणार नाही.

पितळी_डबा:
कल्हईबद्दल. पातेलं चिंचेनं घासून, कोरडं करून न्या. डाख दिलेला (धातू वितळवून सांधलेला) जोड असेल तर आधीच सांगा, भट्टीच्या आचेनं तो सुटतो. काम समोर बसून करून घ्या: भांडं तापवून नवसागर फिरवायचा, मग कथील, मग कापसानं पुसून सारखं करायचं. नवसागर नीट न फिरवल्यास कथील धरत नाही आणि महिन्याभरात पितळ उघडं पडतं. घरी आणून धुतल्यावर आतून पांढरा कागद घासा. काळपट रेघ उमटली तर कथलात शिसं असल्याची शंका घ्या आणि त्यात स्वयंपाक करू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून असं पातेलं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, त्यात रवा-शेंगदाणे कोरडे भाजायचे नाहीत. तारेची घासणी तर अजिबात नको.

आठवी_गल्ली:
खूप आभार, मिरचीचं वेळेत कळलं. चप्पल आणि गूळ राहिलं. रविवारी सकाळी शिवाजी चौकाकडं जाऊ का?

तिकटीवरून:
रविवारी नको, अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीनं महाद्वार रोड तुंबलेला असतो. शनिवारी दुपारीच चप्पल लाईनला (कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या ओळीत) जा आणि सासऱ्यांना बरोबर न्या, नुसत्या नंबरावर घेऊ नका. सुरुवातीला अंगठ्याला आणि पट्ट्याला घट्टच बसली पाहिजे, कातडं आठवड्यात सैल पडतं. आज मोकळी वाटणारी पुढं पायातून निसटते. तळाच्या कडेला बघा: कातडी थर एकावर एक दिसले पाहिजेत आणि शिलाई कातडी वादीची हवी, खिळा नको. कडा रंगानं गुळगुळीत लिंपलेली असेल तर आत पुठ्ठा किंवा रबर असू शकतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी दुकानात आपले डोळेच कामाला येतात. पावसात वापरू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात तळ वाकतो.

गुळाचं थोडक्यात: पिवळाधमक बघून भुलू नका, तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस या रसायनाचा असतो. तांबूस-तपकिरी घ्या, खडा जिभेवर ठेवून खारट लागतो का बघा. आत्ता हंगाम आहे, पण ५ किलोच्या वर नको. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं.