रावस घालून पास्ता : मासा मोडतो, खाली पाणी सुटतं

ऐरोलीकर :
ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात दोघांपुरता होईल असा माशाचा पास्ता हवा आहे. रावसाच्या काटे काढलेल्या तुकड्या आहेत, कातडीसकट ३०० ग्रॅम. स्पॅगेटी, लसूण, टोमॅटो, लिंबूही आहे. ढवळताना माशाचा भुगा होतो आणि ताटलीत पाणी साठतं. क्रीम नको.

खाडीकाठ, ठाणे :
मासा सॉसमध्ये शिजवू नका, दोन्ही तक्रारी तिथूनच येतात. तुकड्यांना अर्धा चमचा मीठ लावून १० मिनिटं ठेवा. पाणी सुटेल, ते कपड्याने पूर्ण टिपून घ्या. ओली तुकडी भाजली जात नाही, वाफवली जाते आणि पॅनला चिकटते. पॅन चांगला तापला की दोन चमचे तेल, कातडी खाली, मध्यम आच, ३-४ मिनिटं अजिबात हलवायचं नाही. सुटत नसेल तर खरवडू नका, कातडी कुरकुरीत झाली की आपोआप सुटते. उलटून एक मिनिट, की काढून ठेवा. हळद-तिखट लावू नका, ते जळून पुढे सॉस कडू करतं.

तोवर शेजारच्या शेगडीवर २ लिटर पाणी, २० ग्रॅम मीठ, २०० ग्रॅम स्पॅगेटी. पाकिटावर ९ मिनिटं लिहिली असतील तर सातव्याला काढा. त्याआधी ते पाणी एक कप बाजूला ठेवायला विसरू नका, सगळा सॉस त्यावर उभा आहे.

पॅन दोन मिनिटं निवू द्या. तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, पाच पाकळ्यांचे पातळ काप, मंद आच. गरम तेलात टाकलेला लसूण बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. कडा सोनेरी झाल्या की एक सुकी मिरची आणि दोन चिरलेले टोमॅटो, ५ मिनिटं. मग पास्ता आणि अर्धा कप ते पाणी, मोठ्या आचेवर दोन मिनिटं सतत परता. पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं, सॉस पास्त्याला धरतो. पास्ता नळाखाली धुतलात तर हा स्टार्च वाहून जातो. गॅस बंद करून लिंबू पिळा, मासा वरून ठेवा.

करावेची पाटी :
दिवाळे गावच्या मासळीबाजारात रावस नसेल तर सुरमईही चालते, पण मधला काटा काढून घ्या, आणि अर्धा मिनिट आधी उतरवा. कोलंबी असेल तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिनिट पुरे. बोंबील मात्र या कृतीत घालू नका, त्याचं पाणी कितीही टिपलं तरी संपत नाही. फ्रोजन बासा रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून वितळवा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तोच हाताशी असतो.

ऐरोलीकर :
वर चीज किसायचं का?

करावेची पाटी :
माशावर इटलीत सहसा घालत नाहीत, माशाची चव दबते. सिसिलीत तारलीच्या पास्त्यावर पावाचा चुरा परतून घालतात. कालचा एक लादीपाव हाताने चुरडा, चमचाभर तेलात मंद आचेवर ४ मिनिटं, लालसर होईपर्यंत. चिमूटभर कुटलेली बडीशेप घातली तर रावसालाही शोभते. चुरा अगदी वाढताना घाला, नाहीतर सॉस पिऊन मऊ पडतो.