मदत हवी आहे: लिव्हर पेशंटला फंगल इन्फेक्शन, इंजेक्शन द्यावं की नाही?

सिंहगडरोड: वडील आयसीयूत आहेत, सिरॉसिस, पोटात पाणी, आता रिपोर्टमधे फंगस आलंय आणि डॉक्टर महागडं अँटीफंगल चालू करतायत, नेटवर वाचलं की ही औषधं लिव्हरचीच वाट लावतात. द्यायचं की नाही? सकाळी सही मागितलीय, लवकर सांगा.

निशाचर: कशाच्या रिपोर्टमधे? लघवी, थुंकी, रक्त? औषध कुठलं?

सिंहगडरोड: अहो फंगस म्हणजे फंगस. कँडिडा लिहिलंय.

मिरजेची_मावशी: आमच्या दिरांना २०२१ला कोविडनंतर म्युकर (काळी बुरशी) झाला, वरचा जबडा काढला हो. त्याच्या अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी अख्खं सांगली पालथं घातलं. आधी नाक तपासून घ्या.

निशाचर: मावशी, म्युकर वेगळा, कँडिडा वेगळा.

वनौषधीप्रेमी: केमिकल कशाला? गुळवेलीचा काढा द्या, इम्युनिटी वाढली की फंगस आपोआप जातं.

ठाणेकर: सिरॉसिसला गुळवेल?? २०२१ला मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या केसेस छापल्यात.

वनौषधीप्रेमी: आयुष मंत्रालयाने तेव्हाच खोडून काढलं ते.

ठाणेकर: बरं मग, नाकातल्या नळीतून काढा ओता.

कोथरूडी: झेडटीसीसीत (अवयव मिळण्यासाठीची वेटिंग लिस्ट ठेवणारं केंद्र) नाव नोंदवलं का? ट्रान्सप्लांटशिवाय काही खरं नाही.

सिंहगडरोड: ते विचारलंच नाहीये मी!! ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघतात ती टेस्ट) आहे, औषध कॅस्पोफंजिन. आता बोला.

निशाचर: हे आधी सांगायचं ना राव. लघवीत कँडिडा आला, त्यात कॅथेटर (लघवीची नळी) असेल, तर बऱ्याचदा तो नुसता तिथे वस्तीला असतो, पण रक्तात आला की सोडून देता येत नाही. लिव्हरला त्रास म्हणून तुम्ही वाचलंत ते बहुतेक व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या अँटीफंगलबद्दल असणार. कॅस्पोफंजिन त्यामानाने सौम्य, रक्तातल्या कँडिडाला सहसा त्याच गटातलं पहिलं देतात. डोस मात्र विचारा, मध्यम सिरॉसिसला पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ आणि मग ५० ऐवजी ३५. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) काढणार का, डोळे तपासणार का, कल्चर परत कधी, हेपण विचारा, कारण कल्चर निगेटिव्ह आल्यापासून पुढे साधारण १४ दिवस औषध धरतात.

ठाणेकर: डोस कमी करण्यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, आमच्याकडे ५०च ठेवला होता. बीटा-डी-ग्लुकॅन ही फंगसची रक्ततपासणीपण करून घ्या.

निशाचर: रक्तात सापडल्यावर ती कशाला? शिवाय अल्ब्युमिन (शिरेतून देतात ते प्रोटीन) चालू असेल तर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

सिंहगडरोड: ओके, सही करतो. अल्ब्युमिन चालूच आहे, डायलिसिसपण.

निशाचर: डायलिसिस? कधीपासून?